चपलांवर ध्यान ठेवा

"बाई, तुम्ही इथंच थांबा. पूजा होईस्तोवर. चपलांवर जरा ध्यान ठेवा."

सेक्रेटरीसाहेब म्हणाले. मग जवळ आले, आवाज खाली आणला. "गुरुजी जुन्या वळणाचे आहेत. तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या."

आणि आत गेले. त्यांच्या आधी चेअरमन गेले होते, संचालक गेले होते, गुरुजी गेले होते. दार लोटलं, पण पुरतं लागलं नाही. बाहेर राहिल्या त्यांच्या चपला, बूट, आणि मी.

दसऱ्याचा दिवस होता. आत होता कम्प्युटर. आमच्या सहकारी साखर कारखान्यातला पहिला. पुण्याहून जीपमधून खोकी आली तेव्हा हात लावायला कुणी धजत नव्हतं. ती मी उघडली. वायरी मी जोडल्या. सभासदांची नावं, उसाच्या नोंदी, सगळं मी त्यात बसून बसून भरलं. डोळे सुजायचे. लाइट गेली की केलेलं काम जायचं, पुन्हा पहिल्यापासून. औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली मी एकटीच मुलगी होते त्या कारखान्यात. बाकीच्या बायका ऊस तोडणाऱ्या.

चपला बाहेर काढायचा नियमही माझाच. आमची काळी माती वाळली की पिठासारखी होते, कुठंही शिरते. मशीनला धूळ चालत नाही. दारावरची पाटी मीच रंगवली होती. चेअरमनसुद्धा ती पाळायचे. हसायचे, पण पाळायचे. "बाईनं याचं पार देऊळच केलं की," म्हणायचे.

झालं खरं देऊळ. आणि देवळाबाहेर कुणाला उभं करतात, ते मला काय कुणी शिकवायला पाहिजे होतं?

मला पूजेचं काय पडलं होतं! आमच्या लोकांनी देव कधीच सोडले. दसऱ्याला आमच्यात बुद्धवंदना असते. तो आमचा धम्माचा दिवस. त्यांचा नारळ, त्यांचा प्रसाद त्यांना लखलाभ. मला खोली पाहिजे होती. माझी खोली.

त्या दिवशी कम्प्युटर विभागाचा प्रमुख कोण, हे चेअरमन जाहीर करणार होते. मला तोंडावर म्हणाले होते, "तुमच्याशिवाय आहे कोण, बाई? तुमचंच नाव." मी खुळी. खरं धरून बसले. गावाकडं मायला सांगावा धाडला, दसऱ्याला ये, माझं नाव पुकारणारेत.

फटीतून आतलं दिसत होतं. मशीनपुढं पाट मांडलेले. त्यावर चेअरमनचा भाचा बसला होता, शेजारी त्याची बायको, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ मारलेली. हा भाचा माझ्या हाताखाली काम शिकायला आलेला. मीच त्याला मशीन चालू करायला शिकवलं होतं. पूजेला जोडपं लागतं म्हणे. मी तर बिनलग्नाची. पण खरी गोष्ट ती नव्हती. आमच्या भागात पूजेला जो बसतो तो तिथला धनी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नाव पुकारायच्या आधीच पुकारलं गेलं होतं. मी फटीतून बघत राहिले. रडूही येईना.

मला दुष्काळी कामावरची सुकडी आठवली. बहात्तरचा दुष्काळ. ईट गावाकडच्या रस्त्याला माय खडी फोडायची, मी तिच्याजवळ बसायची, लहान होते. दुपारी सरकारची सुकडी वाटायचे, गोड भरड. बाकीच्यांच्या भांड्यात मुकादम हात टेकवून घालायचा. आमची पाळी आली की हात वर उचलायचा आणि वरून सोडायचा. निम्मी मायच्या पदरात पडायची, निम्मी मातीत. मी एकदा ओरडले, "खाली घाल की रं!" मायनं माझं तोंड दाबलं. नंतर मातीतली सुकडी फुंकून मला भरवत म्हणाली, "वरून पडू दे न्हायतर खालून, पोटात गेल्यावर एकच. समजून घे, बाई."

तिच्या अंगठ्याचं नख त्या खडीनं उभं चिरलेलं. ते शेवटपर्यंत जुळलं नाही. त्याच हातानं तिनं मला शिकवलं.

"काय करायलीस गं हितं उनात?"

मी दचकले. माय आली होती. भूमहून एस.टी. बदलून, फाट्यावरून चालत. अंगावर निळ्या काठाचं पांढरं लुगडं, जयंतीला नेसायची ते. गावातली वंदना सोडून ती इथं आली होती. पिशवीत भूमच्या बाजारातनं घेतलेला पेढ्यांचा पुडा. माझं नाव पुकारलं की वाटायला.

"आत पूजा चाललीय," मी म्हणाले. "मी उगंच थांबलेय."

मायनं माझ्याकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग चपलांकडं. तिला काय सांगायचं राहिलं होतं! जन्म गेला होता तिचा दाराबाहेर. पिशवी भिंतीला टेकवली, खाली बसली. आणि बसल्या बसल्या तिचा हात पुढं गेला. विखुरलेल्या चपला ती जोडीनं लावायला लागली. डावी, उजवी. डावी, उजवी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती. चेअरमनची कोल्हापुरी उचलली, तिच्यावरची धूळ बघितली, आणि तिनं ती पदरानं पुसली.

त्या पांढऱ्या लुगड्याच्या पदरानं.

तो पदर मला आजही दिसतो.

"माय, उठ."

"आगं असू दे. पुजा होईस्तोवर..."

"उठ म्हणते ना!"

मी तिच्या हातातली चप्पल घेतली आणि खाली टाकली. तिचा दंड धरला. तिच्या पायात चप्पल होतीच कुठं काढायला, अनवाणीच आली होती. माझी मी काढली. दार ढकललं आणि दोघी आत गेलो.

मंत्र थांबला. गुरुजींनी ताम्हण उचलून छातीशी धरलं. सेक्रेटरी पुढं आले. "बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"साहेब," मी म्हणाले, "पाटी वाचा. चपला बाहेर ठेवायच्या असतात. माणसं नाही."

कोपऱ्यात माझी रोजची खुर्ची होती, ती ओढली आणि मायला त्यात बसवलं. माय बसेना. अर्धवट टेकली, कडेवर, उठायच्या बेतात. तिला घाम फुटला होता. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की तिचं चिरलेलं नख मला रुतलं.

चेअरमन चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हसले. संचालकांकडं बघून म्हणाले, "शिकल्या की लवकर तापतात पोरी. बघा, हिच्या हातात आपण विभाग देणार होतो." सगळे हसले. भाचा खाली मान घालून बसला होता. त्याच्या हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला, नाव जाहीर केलं. आमच्यासमोर. टाळ्या झाल्या. माझ्या मायनंही वाजवल्या हो. तिला वाटलं, वाजवायच्या असतात.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघत आम्ही बसलो. माय म्हणाली, "माज्यामुळं घालवलंस तू. म्या आले नसते तर तू गप ऱ्हायली असतीस."

खरंच होतं ते. माझ्या एकटीच्या अपमानावर मी गप उभी होतेच की.

पेढ्यांचा पुडा तिनं परत नेला. त्याचं काय केलं, कुणाला काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही. त्यानंतर ती माझ्या कुठल्याच ऑफिसात आली नाही. "तुला वंगाळ व्हईल," म्हणायची.

दुसऱ्या दिवशी शिपायानं हळूच सांगितलं. आम्ही गेल्यावर खोलीत गोमूत्र शिंपडलं. खुर्चीवर, भिंतीवर, आणि मशीनच्या बटनांवरही. बटनं चिकटून बसली. मला कुणी बोलावलं नाही. सोलापूरहून माणूस आणला. मशीनला धूळ चालत नाही एवढं त्यांना कळलं होतं, मूत चालतं असं वाटलं असेल. माझी बदली वजनकाट्यावर केली. गळीत सुरू झालं होतं. उसाच्या गाड्या मोजत मी उभी राहायची आणि समोरच्या खिडकीत माझी खोली दिसायची.

तो हंगाम संपल्यावर मी पुण्याला गेले. कंपन्या बदलल्या, पाट्या बदलल्या, मशीनं बदलली. पूजेचे पाट तेवढे नाही बदलले. काम मी करायचं, नारळ दुसऱ्यानं फोडायचा. बढतीच्या वेळी कुणीतरी जवळ येतं, आवाज खाली आणतं. "मॅडम, तुम्ही सीनिअर आहात. समजून घ्या." मी भांडले. दोन ठिकाणच्या नोकऱ्या सोडल्या. शेवटी विभागप्रमुख झाले, पण हात पसरून नाही झाले आणि हसून तर नाहीच झाले. तोवर माय गेली होती. तिला ते बघायला मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी ती खुर्चीच्या कडेवरच बसली असती. तेवढं त्या लोकांनी तिच्यात खोल घातलं होतं.

म्हणून सांगते. समजून घ्यायचं काम माझ्या मायनं जन्मभर केलं. स्वतःच्या वाट्याचं केलं, माझ्याही वाट्याचं केलं, आणि ते करत करतच ती गेली. आमच्या घरातलं ते काम संपलं.

मी समजून घेणार नाही.