इस्त्रीवाल्या मावशींची दोन बोटं

त्या नर्सच्या रागाला सगळं आरोग्यकेंद्र वचकून असे. पाठीमागे तिला ‘तोफ’ म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं. “तोफ म्हणा, पण कानात बोळे घालून बसू नका,” असं ती एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली होती. नर्स म्हणून तिने उभं आयुष्य त्याच वस्तीतले जिने झिजवण्यात घालवलं. कोणाच्या घरी गोळ्या गादीखाली दडवतात, कोणती सासू सुनेचं टॉनिक पिऊन टाकते, सगळं तिला तोंडपाठ. नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. तो म्हणे, “हिचं इंजिन कायम गरम, पण गाडी कधी बंद पडली नाही.”

एका वर्षी मात्र ती जी पेटली, ती नेहमीसारखी नाही.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत एक मावशी इस्त्री करायच्या. मधुमेह जुना. डाव्या पायाच्या करंगळीपाशी फोड येऊन फुटला. नर्सने पट्टी बांधली, “या पायावर भार द्यायचा नाही हं,” असं बजावलं आणि घाईघाईने पुढच्या घरी गेली. पुढच्या खेपेला पट्टी सोडली, तर करंगळी काळी पडलेली आणि शेजारचं बोट सुजून टम्म.

“मावशी, काय केलंत हे? भार देऊ नका म्हटलं होतं ना?”

मावशी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात भार देऊ नका. डॉक्टर म्हणाले, साखर उतरवायची तर रोज तासभर चाला. व्यायाममास्तर म्हणाले, चवड्यांवर उभ्या राहा. आहारवाल्या बाई म्हणाल्या, दर दोन तासांनी खा, आणि आमचा मालक तर दुपारपर्यंत मान वर करू देत नाही. जमेल तसं मी सगळ्यांचं ऐकलं. आता कोणाचं चुकलं ते तुम्हीच सांगा.”

नर्सने रिक्षा बोलावली.

मोठ्या इस्पितळात मावशींची दोन बोटं कापली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या नर्सच्या डोक्यात नुसता जाळ उठला होता. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट म्हणजे व्यायाममास्तर, आहारतज्ज्ञ आणि ती, चौघं एका छपराखाली बसायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि एकाच बाईला चार दिशांना ओढायचे. त्या चौघांत आपणही आहोत, हे मनात आलं आणि राग दुप्पट झाला.

आणि त्याच आठवड्यात केंद्राला ढाल मिळाली. कशाबद्दल, तर आरोग्यजागृतीतल्या उत्तम संघकार्याबद्दल! फोटोवाला आला. डॉक्टर ढाल घेऊन मधोमध उभे राहिले.

“सिस्टर, जरा आत सरका,” फोटोवाला म्हणाला.

ती आत सरकली नाही, रांगेतून बाहेर आली.

“सिस्टर, तमाशा नको. पाहुणे आलेत.”

“तमाशा तर हाच आहे, डॉक्टर! आपण चौघं आज पहिल्यांदा एका ओळीत उभे आहोत, तेही फोटोसाठी. मावशींच्या पायाबद्दल आपण एकमेकांशी एक शब्द तरी बोललो होतो का?”

“म्हणजे मी जबाबदार?”

“तुम्ही, हे मास्तर, या बाई, आणि सगळ्यात आधी मी. जखम माझ्या डोळ्यांसमोर होती. तुमच्या दारात येऊन सांगायला मला काय धाड भरली होती?”

फोटो तिच्याविना निघाला. डॉक्टरांनी वर तक्रार केली, तिला लेखी समज मिळाली. ती तिने घेतली आणि बाजूला ठेवली. मग रोज सकाळी ती तिघांच्या टेबलांपाशी जाऊन एकच विचारू लागली, “मावशींकडे कधी येताय?” आहारतज्ज्ञ आधी कबूल झाली, मग व्यायाममास्तर. डॉक्टर सगळ्यांत शेवटी निघाले, तेही कपाळाला आठ्या घालून.

लाँड्री म्हणजे वाफेने भरलेली एक चिंचोळी खोली. चादरींचे ढीग छातीपर्यंत. मावशी एका पायावर भार देऊन पुन्हा इस्त्री करत होत्या. चौघांना एकदम पाहून त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

“चौघं? आता काय पाय न्यायला आलात?”

आहारतज्ज्ञ म्हणाली, दुपारपर्यंत उपाशी राहून गोळी घेणं बरं नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्यायलाच हवी. व्यायाममास्तर म्हणाले, आधी हे उभं राहणं थांबवा. तिघांची तिथेच जुंपली, नर्सही त्यात पडली.

मावशींनी टेबलावर थाप मारली. “भांडा खुशाल, माझ्यासमोर भांडा. पण भांडून झालं की मला एकच काय ते सांगा.”

मग त्यांना एकमेकांचं ऐकावंच लागलं. टेबलाचे पाय कापून मावशींनी बसून इस्त्री करायची, असं मास्तरांनी सुचवलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ जेवणाला जोडली आणि चालणं जखम भरेपर्यंत बंद केलं. आहारतज्ज्ञ आणि नर्स मालकाकडे गेल्या. तिथे तोफेचा उपयोग झाला. मालकाने सकाळी खायला सुट्टी दिली, स्टूलही दिलं, तोंड वाकडं करून का होईना.

पाय भरून आला. बोटं मात्र गेली ती गेलीच. “आता बरं वाटतं ना?” असं कोणी मावशींना विचारलं की नर्सचं डोकं फिरे.

त्यानंतर चौघं दर आठवड्याला मिळून वस्तीत जाऊ लागले. डॉक्टर कधी यायचे, कधी टाळायचे. टाळलं की ती त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहायची. पुढे त्यांची बदली झाली आणि नवे डॉक्टर आले. पहिल्याच दिवशी तिने त्यांना निघायला सांगितलं.

“चौघांनी एकत्र जायचं, असा नियम आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “पिशवी घ्या, वाटेत सांगते.”