तळ पाहायला निघालेले साडू

गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी चंद्रपूरच्या आमच्या घरी मी, माझी बायको, तिची मोठी बहीण आणि त्या बहिणीचे यजमान अशा चौघांच्या समक्ष अंदमानची सहल ठरली. एकूण खर्च एक लाख अडुसष्ट हजार. त्यात आम्हा दोघा पुरुषांच्या समुद्रातल्या डुबकीचे नऊ हजार, कोणत्याही कारणानं परत न मिळणारे. या यजमानांशी, म्हणजे माझ्या साडूंशी, पाण्यावरून वाद घालून जिंकलेला माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. मी दोन्ही काठांवर नोकरी केली आहे, चौकशी करूनच लिहितो आहे.

साडू ब्रह्मपुरीकडच्या एका गावचे. तिथल्या जुन्या तलावावर ते चाळीस वर्षं पाणी सोडायच्या कामाला होते. तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, शेताकडे पाणी जायची दगडी वाट असते, तिला तिकडे तुडूम म्हणतात. तिचं तोंड लाकडी बुचानं बंद केलेलं असतं. धानाला पाणी हवं झालं की कोणीतरी बुडी मारायची आणि गढूळ पाण्यात चाचपडत ते बूच काढायचं. हे कोणीतरी म्हणजे साडू. दोन वर्षांपूर्वी तिथं चाकानं फिरवायचं लोखंडी दार बसलं आणि बुडी मारायचं कारण संपलं. सवय संपली नाही. दम शाबूत राहावा म्हणून ते दिवसातून केव्हाही श्वास रोखून बसतात. आपण विचारावं, "भाऊ, चहा घेणार?" तर समोर फुगलेले गाल आणि वटारलेले डोळे. उत्तर यायला लागलेला सर्वांत जास्त वेळ मी घड्याळ लावून मोजला आहे : एक मिनिट चाळीस सेकंद. उत्तर होतं, "अर्धा." एकदा बँकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी त्यांना खाते क्रमांक विचारला तेव्हा त्यांचा श्वास रोखलेला होता. बाईंना वाटलं फिट आली, त्यांनी शिपायाला कांदा आणायला पळवलं.

दुसरी खोड मोजण्याची. हाताहाताच्या अंतरावर गाठी आणि टोकाला दगड बांधलेली दोरी सदैव त्यांच्या पिशवीत असते. माझ्या गच्चीवरची टाकी त्यांनी आजवर सहा वेळा मोजली आहे, दर वेळी झाकण उघडं ठेवून. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पोचल्यावर बायका खोली पाहायला गेल्या आणि हे पोहायच्या हौदात दोरी सोडून उकिडवे बसले. काठावरच्या पाटीवर पाच फूट लिहिलं होतं. "तीन हात पाच बोटं," साडू म्हणाले, "पाटी खोटी हाये, साडभाऊ." हौदात एक नवविवाहित जोडपं होतं, ते निमूटपणे बाहेर आलं. मी खोलीत जाऊन हिशेब केला. चार फूट दहा इंच. पाटी खोटी होती, आणि याचाच मला जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडूंची डुबकी होती, माझी अकरा वाजता. शिकवणारी मुलगी तमिळ, वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं पाठीवर हवेची टाकी चढवली, तोंडात नळी दिली आणि हिंदीत एकच नियम सांगितला : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना फुप्फुसाला इजा होते. साडूंनी मान डोलावली, कमरेएवढ्या पाण्यात डोकं घातलं आणि श्वास रोखला. तिनं वर काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा रोखला. "अंकल, सांस लीजिए."

"बेटा, पानी में सांस लेने से आदमी मरता है."

तिसऱ्या वेळी तिनं हात जोडून त्यांची डुबकी रद्द केली. काठावरून मेव्हणीबाई म्हणाल्या, "घरी मी बोलाले लागली का लगेच रोखतेत. इथी काऊन सोडतीन?" साडेचार हजार गेले, शिवाय दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळा भरलेल्या आणि परवा आमचं परतीचं विमान. मी बोलायला म्हणून साडूंकडे गेलो. बोलण्याचे चार मुद्देही मनात तयार होते.

ते वाळूवर दोरी गुंडाळत बसले होते. "चाळीस वर्षं तळाले हात लावून आलो, साडभाऊ," ते म्हणाले, "पण तळ कधी पायला नाई. गढूळ पानी. सारं हातानंच ओळखाचं. म्हटलं, एकडाव डोळ्यानं पाहून घेऊ."

माझे चारही मुद्दे राहिले. मी मुलीला विचारलं, माझी अकराची वेळ यांना चालेल का? ती म्हणाली, श्वास घ्यायला शिकले तर चालेल. मला पोहता येत नाही, हेही इथं नोंदवलं पाहिजे. मी कमरेएवढ्या पाण्यात साडूंशेजारी उभा राहिलो. त्यांचं डोकं पाण्यात, माझा हात त्यांच्या खांद्यावर. तीन थापा, घ्या. चार थापा, सोडा. पहिल्या तीसेक श्वासांत ते नऊदा अडले, पन्नासनंतर दोनदा. दोनशे बाराव्या श्वासाला मी हात काढून घेतला आणि बुडबुडे आपले येत राहिले. मुलीनं थापांचा हिशेब माझ्याकडून समजून घेतला आणि साडूंना खोल पाण्यात नेलं.

ते सव्वीस मिनिटं खाली होते. वर आल्यावर त्यांनी नळी काढली आणि कोणी न सांगता एक लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "पांढरी वाळू हाये खाली. मच्छी तर माह्याकडंच पाहून राह्यली होती." दोरी पिशवीत ठेवत म्हणाले, "आपल्या तलावाचा तळ कसा असन?"

"गाळ असेल," मी म्हणालो.

"गाळच असन," ते म्हणाले. "पण तोही पायला असता."

तळाला हात लावून वर आलं की तलावाला मूठभर तांदूळ द्यायचे, असा त्यांच्या गावचा रिवाज आहे. त्यासाठी त्यांनी घरून रुमालात तांदूळ बांधून आणले होते. परतीच्या बोटीत बसायच्या आधी तिथलं सगळं देणं चुकतं झालं. शिकवणाऱ्या मुलीला पाचशे रुपये बक्षीस, माझ्याकडून. समुद्राला अर्धी मूठ तांदूळ, साडूंकडून. उरलेली अर्धी मूठ त्यांनी रुमालात पुन्हा गाठ मारून ठेवली, आणि गावात जीपमधून उतरल्यावर घरी न जाता, वाळू लागलेल्या चपलांनिशी, ती आधी पाळीवर जाऊन गावच्या तलावाला दिली.