सिस्टरबाईंचं मत

सिस्टरबाईंना चर्चमध्ये सगळेच मानायचे. तरुणपणी त्या समुद्रापलीकडच्या एका गरीब देशात नर्स म्हणून गेल्या, त्या केस पांढरे झाल्यावरच परतल्या. लग्न राहूनच गेलं. धाकट्या बहिणीच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. रविवारी दोघी एकाच बाकावर बसायच्या. गाताना बहिणीचा सूर सुटला, की सिस्टरबाई तिला कोपराने ढोसायच्या.

निवडणूक आली आणि वारं फिरलं. एका उमेदवाराने जाहीर केलं, की परदेशातल्या दवाखान्यांची सरकारी मदत बंद करून तो पैसा सैन्याकडे वळवू. माणूस देवभोळा, चर्चला येणारा. उपासनेनंतर चहा पिताना पाळकसाहेब म्हणाले, "आपला माणूस आहे. त्यालाच मत द्या."

सिस्टरबाईंनी कप खाली ठेवला. "मी होते तो दवाखाना त्याच मदतीवर चालतो, पाळकसाहेब. तिथल्या बाळंतिणींनी कुठे जायचं?"

"दानधर्म आपण करावा, सिस्टरबाई. सरकारचं काम देश राखायचं."

"आपण करतोच की. पण आपल्या दानपेटीवर तिथला लसींचा फ्रीजसुद्धा चालायचा नाही."

बहीणच ताडकन उठली. "माझा पोरगा शिकून घरी बसलाय, त्याचं कुणी बघायचं? तुला आपली सदानकदा परक्यांचीच पडलेली, ताई! आई गेली तेव्हाही तू तिकडेच होतीस."

घाव वर्मी बसला. आई गेली त्या दिवशी सिस्टरबाई एका अडलेल्या बाईजवळ होत्या. बाई वाचली, बाळही वाचलं. पण हे सांगून बहिणीचं दुःख थोडंच हलकं होणार होतं? त्यांनी दोघींचे कप उचलले आणि विसळायला नेले.

मतदानाला त्या एकट्याच गेल्या. दुसरा उमेदवार मदत चालू ठेवणारा. पण त्याच्या बाकीच्या कितीतरी गोष्टी त्यांना पटत नव्हत्या. पडद्याआड त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. उत्तर काही आलं नाही. तिकडच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या पोटुशा बायाच डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी दुसऱ्याला मत दिलं.

निवडून आला पहिलाच. पुढे तिकडच्या जुन्या दाईचा फोन आला. "कुलूप लागलं, सिस्टर. बाया अजून येतात. काय सांगू त्यांना?"

सिस्टरबाईंनी आज किती जणी आल्या ते विचारलं.

चर्च त्यांनी सोडलं नाही. बहीण मात्र पुढच्या बाकावर बसू लागली, आणि सिस्टरबाईंच्या शेजारच्या रिकाम्या जागेत कुणी येऊन बसेना.

भाच्याला शस्त्रांच्या कारखान्यात नोकरी लागल्याचं त्यांना वाण्याकडून कळलं. पिशवी तशीच हातात घेऊन त्या बहिणीच्या दारी गेल्या.

"कळलं वाटतं," बहीण म्हणाली.

"कळलं. फार बरं वाटलं गं."

आणि ते खरंच होतं. बहिणीने मान हलवली. आत ये काही म्हणाली नाही. सिस्टरबाई घरी आल्या, दिवा लावला आणि एकटीपुरता चहा टाकला.