तीन कोरे कागद

पौषातलं धुकं जाम नदीवरून उठून सावरगावच्या गल्लीत शिरलं होतं, तरी जयवंताबाई कधीची चक्कीचा वरचा दगड उतरवून त्याला टाकी मारत बसली होती. दगड गुळगुळीत झाला की पीठ तापून निघतं, पोळी वातड होते, अन् गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं. कारागीर बोलवायची सोय नव्हती म्हणून हे काम तिनं सासऱ्याजवळ बसून उचललं. आता छिन्नीच्या आवाजावरूनच तिला कळायचं, कुठं अजून एक घाव पाहिजे.

शाळा मात्र तिसरीतच सुटली. पण तेवढ्या दिवसांत विजय गुरुजींनी तिला नाव लिहायला शिकवलं. आधी सगळी अक्षरं काढायची, मग वरची रेघ एका दमात ओढायची. सेहेचाळिसाव्या वर्षीही ती तशीच सही करायची, जीभ दातात धरून, अन् तोवर बँकेतली मागची रांग खोळंबायची.

दिवाळीनंतर गल्लीत नवे मीटर येणार असं ठरलं. आधी फोनमधून पैसे भरायचे, मग वीज. पैसे सरले की लाइट कुठून तरी परस्पर बंद. आतापर्यंत बिल थकलं की लाइनमन कवडू दारात यायचा, चहा प्यायचा अन् सोमवारपर्यंत भर म्हणून सांगून जायचा. नव्या मीटरला चहा पाजता येत नाही, असं गल्लीतल्या बाया हसत म्हणायच्या, पण हसण्यात दम नव्हता. जयवंताबाईचा फोन तर साधा, बटनाचा. दळण अर्धं असताना लाइट गेली तर दाणे दोन दगडांत अडकून बसतात, अन् दगड पुन्हा उतरवावा लागतो.

तेव्हा गुरुजींनी ग्राहक मंच काढला. तक्रार एका माणसाच्या नावानं लागते, चक्कीचं कनेक्शन आहे तर तुझंच नाव घालू, असं त्यांनी तिला समजावलं. तिला आतून बरं वाटलं. तिला पुन्हा पुन्हा नदीपलीकडं पांढुर्ण्याला यायला नको म्हणून गुरुजींनी चक्कीवरच तीन कोऱ्या कागदांवरही सह्या घेतल्या. पोत्यांना सुतळी बांधत बसलेला नवरा, नत्थूजी, तेव्हा म्हणाला होता, “कोऱ्या कागदावर सही करून राहिली का व?”

“ज्यानं सही शिकवली त्याच्यावर भरोसा नाई ठेवू, त मंग कोनावर ठेवू?” असं म्हणून तिनं तिसरी रेघ ओढली होती.

मीटर बसवणारी पोरं आली तेव्हा बाया दारोदारी खाटा टाकून बसल्या. जयवंताबाईही बसली, चक्की दोन दिवस बंद राहिली. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणून पोरं परत गेली.

आज दगड बसवून झाल्यावर ती गुरुजींच्या घरचं गव्हाचं पीठ घेऊन पूल ओलांडून पांढुर्ण्याला गेली. फाटकातच थांबली. गच्चीवर निळ्या काचांची रांग, अन् दाराशेजारी नवा मीटर. त्यात लाल टिपका उघडमीट करून राहिला होता.

गुरुजी बाहेर आले. तिची नजर कुठं आहे ते त्यांनी पाहिलं.

“सोलर लावलं की हाच मीटर घ्यावा लागतो, जयवंता. उरलेली वीज कंपनीला विकता येते. पंकज मागेच लागला होता.” पंकज म्हणजे त्यांचा नागपूरचा मुलगा.

“अन् आपली तक्रार?”

“मागे घेतली. मंच माझा आणि मीटर माझ्याच दारात, बरं दिसलं नसतं.”

“मी त सही नाई देल्ली.”

गुरुजी चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “त्या तीन कागदांतला एक लावला.”

पिठाचा डबा तिच्या कमरेवरच होता. आतून गुरुजींच्या बायकोनं चहा आणला. माझ्या फोनमधून तुझे पैसे भरून देतो, कोणाला तरी पाठव, असं गुरुजी बोलत होते. तिनं चहाला हात लावला नाही.

“तुमाले वीज विकाची होती, गुरुजी. मले इकत घ्याची हाये. हे तुमी मले सांगाले पाह्यजे होतं. राह्यले ते दोन कागद द्या.”

त्यांनी फाईल उलटीपालटी केली. एकच सापडला. दुसरा असेल कुठंतरी, म्हणाले. कागदावर तिचं नाव होतं अन् वर सरळ, एका दमात ओढलेली रेघ. तिनं तो घडी करून कमरेला खोचला, डबा पायरीवर ठेवला अन् निघाली.

दुपारी मीटरची पोरं पुन्हा गल्लीत आली, या वेळी तक्रार मागे घेतल्याच्या कागदाची झेरॉक्स घेऊन. बाया पुन्हा खाटांवर येऊन बसल्या, पण शेजारच्या वंदनानं ती झेरॉक्स हातात घेतली, खालची सही पाहिली, मग जयवंताबाईकडं पाहिलं.

“तूच त सही देल्ली म्हने, बाई. आमाले खाटीवर बसवून?”

जयवंताबाईनं खरं ते सांगितलं. गुरुजी, सोलर, कोरे कागद, सगळं.

“कोरा कागद कोन देते व?” वंदना म्हणाली, अन् झेरॉक्स परत करून घरात गेली. बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या. खाटा आत सरकवल्याचे तेवढे आवाज आले.

पोरांनी पहिला मीटर चक्कीलाच बसवला. नत्थूजीनं शिडी धरून दिली.

वंदनानं दळायला ठेवलेलं ज्वारीचं गाठोडं सकाळपासून चक्कीवर तसंच पडलं होतं. धान्य निवडून आणणं गिऱ्हाइकाचं काम, तरी जयवंताबाईनं ते सोडलं, सुपात घेतलं अन् उजेडाकडं तोंड करून खडे निवडायला बसली.