तेरा दिवे आणि अक्काचं लग्न

लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अंगठ्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण अक्काच्या लग्नातला अंधार माझ्यामुळे झाला, तेव्हा तो मीच लिहावा असं वाटतं. वाचकांनी क्षमा करावी.

मी तेव्हा हिंगोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आबांनी मांडवासाठी कळमनुरीहून गॅसबत्त्या सांगितल्या होत्या.

"आबा, घरी लाईट आहे. मी करतो की."

"पोरगं सायन्स शिकून राहिलं," असं आबांनी गावभर सांगितलं आणि बत्त्या नको म्हणून निरोप धाडला.

वारंगा फाट्याच्या गॅरेजातून मी ट्रकचे बारा व्होल्टचे दिवे आणले. एका माळेत ओवले की व्होल्टेज सगळ्यांत वाटलं जातं. पुस्तकाप्रमाणे वीस दिवे लागत होते. पण मी (सहा महिन्यांचा) शास्त्रज्ञ! मीटर मागून आणून तीन दिवस गोरज मुहूर्ताच्या वेळीच मोजलं. दोनशेतीसऐवजी दीडशेच भरलं. बाकीचं विहिरींवरच्या मोटारी ओढून घेत. म्हणून दिवे तेरा.

लग्नाच्या संध्याकाळी ते मंद, सोनेरी लागले. अक्काचे होणारे सासरे वर पाहून म्हणाले, "बराबर जमलं."

पण आमच्याकडे लग्न एका घरचं नसतं. अख्खं गाव मोटारी बंद करून, हातपाय धुऊन मांडवात येऊ लागलं. एकेक माणूस आत शिरे आणि दिवे थोडे उजळत.

"पाव्हणे आले की लाईट बी खुलते," आत्या कौतुकानं म्हणाली.

गणपतमामा शेवटी आले तेव्हा दिवे पांढरेफटक झाले होते. व्होल्टेज दीडपट झालं की उष्णता सव्वादोनपट होते, हे मला तोंडपाठ होतं. आठवलं मात्र तेव्हा.

"मामा, जरा मोटार चालू करून या ना."

"काहून? हितं लगन लागून राहिलं न्हाई का?"

एक दिवा गेला. माळ एकच असल्यामुळे उरलेले बारा निर्दोषही विझले. अंधारात कुणीतरी बाई "अपशकुन" म्हणाली.

"तुमचं पोरगं काय शिकतंय म्हणलात?" सासऱ्यांनी विचारलं.

"विजेचंच," आबा म्हणाले.

कंदिलाच्या उजेडात अक्षता पडल्या. अक्काला सासरी बोलणी खावी लागणार, ही धास्ती घेऊन मी हॉस्टेलवर परतलो. महिनाभर पुस्तक उघडवलं नाही. शेवटी तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं:

"मला कुणी काही बोलत नाही. सुखात आहे. पंचमीला न्यायला ये. मामंजी म्हणतात, तू येणार त्याच्या आदल्या दिवशीच घरातला फ्यूज काढून ठेवू."