मिरजोळ्याच्या तीन भेटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिच्याबरोबर ऑफिसात रोज डबा खाल्ला त्या मैत्रिणीला तर नाहीच नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगावं तर तो लगेच समजूत घालायला लागतो, ‘अगो, एवढं काय त्यात’ म्हणतो. मला नेमकं तेच नकोय.

आधी नोकरीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत मी अन्वेषक होते. नाव भारदस्त, काम साधं — सरकारी योजना खरंच चालल्यात का ते जागेवर जाऊन बघायचं आणि छापील फॉर्म भरायचे. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. त्या वेळी एक योजना होती. इथल्या माणसांनी मुंबईची वाट धरू नये, गेलेल्यांनी जमल्यास परत यावं, म्हणून नवा धंदा काढणाऱ्याला मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नाममात्र भाड्यानं शेड मिळायची. वर थोडी यंत्रांसाठी मदत. दोन-तीन वर्षं झाली आणि वरून हुकूम आला, या योजनेचं मूल्यमापन करा. कुणाचा धंदा चालला, कुणाचा बसला, शेड कुणाकडे ठेवायची, कुणाची काढून घ्यायची, सगळं आमच्या फॉर्मांवर ठरणार होतं. आणि फॉर्म भरणार कोण? मी. पंचविशीतली, नुकतं लग्न झालेली, आणि स्वतःच्या अक्षराचा भलताच गर्व असलेली.

मी कडक होते बरं का. एकानं शेडमध्ये यंत्राऐवजी स्वतःच्या घराची कौलं रचून ठेवली होती, त्याला मी असं फैलावर घेतलं की बिचारा पाणी द्यायचं विसरला. नियम मला तोंडपाठ. उद्योग बंद दिसला तर आणखी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, जाऊन बघायचं. तीन भेटींच्या तीन तारखा लिहायच्या आणि मगच ‘बंद’ असा शेरा मारायचा. नियम चांगला होता. नियमात काही खोट नव्हती.

माझ्या यादीतलं शेवटचं नाव दत्ताराम. त्यांनी मुंबईत एका गोदामात ओझी वाहण्यात बरीच वर्षं घालवली होती. बायको, सुगंधा, गावाला एकटी. योजना निघाली तसे ते परत आले आणि दोघांनी मिळून कोकमाचं काम सुरू केलं. उन्हाळ्यात रातांबे फोडून सालींची आमसुलं आणि रसाचं आगळ करायचं, पावसाळ्यात सरबत बाटल्यांत भरायचं. गणपतीला आलेला चाकरमानी परत जाताना दोन बाटल्या पिशवीत घालूनच जातो, म्हणजे भाद्रपदाच्या तोंडावर त्यांची खरी घाई. हे मला माहीत नव्हतं का? मी रत्नागिरीचीच. पाहुण्यांच्या पिशव्यांत बाटल्या आडव्या घालू नका म्हणून ओरडणारी मीच.

आणि मी तिथं गेले ती नेमकी त्याच दिवसांत. गणपती चार दिवसांवर आलेले, मला दुपारची एसटी पकडून सासरी पोचायचं होतं. त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर येणार होत्या. आमच्याकडे तशा आल्या तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो, सुपं सजवून गौरीपुढे ठेवायची. नाहीतर बसा पुढच्या वर्षांची वाट बघत. सासूबाईंची दोन पत्रं येऊन गेली होती. ही सबब नव्हे. नुसतं काय चाललं होतं ते सांगतेय.

आता बघा, ही गोष्ट मी स्वतःला वर्षानुवर्षं कशी सांगत आले. मी गेले, शेडला कुलूप होतं, मी परत आले. पुन्हा जायचं राहून गेलं. झाली चूक. — इतकी छान बसवून ठेवली होती की शपथेवर सांगितली असती.

कुलूप नव्हतं.

मी रिक्षातून उतरलेच नाही. पाऊस आडवा झोडपत होता. रस्त्यापासून शेड तीसेक पावलांवर, मधे तांबड्या चिखलाचा रबरबाट, आणि माझ्या अंगावर सासरी जायची नवी साडी. रिक्षाचा पडदा बाजूला करून मी बघितलं. दार लोटलेलं होतं. कडी मोकळी लोंबत होती. पागोळ्यांच्या आत एक सायकल भिंतीला टेकवलेली आणि उंबऱ्यापाशी चपलांचे दोन जोड. आणि वास येत होता — कोकमाचा, साखर घातल्यावर येतो तसा. मग त्यांनी दार का लावलं होतं? असल्या पावसात कोकणात कोण दार उघडं टाकून बसतो? हे कळायला अन्वेषक व्हावं लागत नाही. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “बंद आहे वाटतं, वळवा.” त्यानं एकदा त्या चपलांकडे बघितलं आणि रिक्षा वळवली.

स्टँडवर बाकावर बसून, पर्स मांडीवर आडवी धरून मी तो फॉर्म भरला. एक तारीख आजची. उरलेल्या दोन मागच्या आठवड्यातल्या, अंदाजानं. त्यातल्या एका दिवशी मी भाट्याला मावसबहिणीकडे नारळाच्या वड्या खात बसले होते. मग शेरा : ‘तिन्ही भेटींत उद्योग बंद आढळला.’ एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. त्या रकान्यात दोन ओळींची जागा होती. एक ओळ मोकळी राहिली तर फॉर्म अर्धवट दिसला असता. म्हणून खाली लिहिलं, ‘आजूबाजूस चौकशी करता कायमचा बंद झाल्याचे समजले.’ आजूबाजूस कोण होतं? पावसात एक म्हैस उभी होती. एका माणसाचा धंदा मी फॉर्म नीटनेटका दिसावा म्हणून कायमचा बंद केला. असं उघड बोलताना आज कसं वाटतं म्हणून सांगू? घट्ट बांधलेलं गाठोडं एकदाचं डोक्यावरून खाली टाकावं तसं.

तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, गणपती झाले की जाऊन बघू, असेल चालू तर फॉर्म बदलू. परत आले तर फॉर्म वर गेलेले. साहेबांनी माझं अक्षर आणि तिन्ही भेटींच्या तारखा इतरांना नमुना म्हणून दाखवलेल्या. मग काय, मी मूग गिळून बसले.

दिवाळीच्या जरा आधी शेड सोडायची नोटीस गेली आणि दत्ताराम ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सरबताची बाटली, मागे सुगंधा. बाटली त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले की धंदा चालू आहे, एक दिवस बंद नव्हता. साहेबांनी मला बोलावलं. फॉर्मातल्या तिन्ही तारखा मोठ्यानं वाचल्या.

“बाई, तुम्ही जातीनं गेला होतात ना?”

विचार करायला वेळ होता. उगाच घाईत तोंडून गेलं असं म्हणणार नाही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, साहेब माझ्यावर खूश होते, आणि समोर एक अनोळखी माणूस उभा होता. सगळं तोलून बघितलं आणि म्हणाले, “हो साहेब, तीनदा गेले होते.”

सुगंधा काहीतरी बोलणार होती. दत्तारामांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं — चांगलं नीट बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि तरी साहेबांकडे वळून ते म्हणाले, “ताई सांगतायत तर आल्या असतील सायेब. पाऊस काय कमी व्हता? आमी दार लोटून बसताव. ताईनी हाक मारली आसंल, आमालाच ऐकाया आली नसंल.”

कळलं तुम्हाला? माझी सबबसुद्धा त्यांनीच मला काढून दिली. मी ती धरून ‘हो, असंच झालं असेल’ म्हटलं असतं तरी साहेबांनी पुन्हा पाहणी लावली असती, कुणाची अब्रू गेली नसती. एवढी सोपी वाट माझ्यासमोर मोकळी करून ठेवली होती. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले. साहेब म्हणाले, फॉर्म स्पष्ट आहे, आता वर काही करता येत नाही. जाताना दत्ताराम बाटली उचलायला विसरले. ती त्या दिवशी आम्हीच ऑफिसात फोडली. मीही प्यायले. सरबत फार चांगलं होतं.

पुढं त्या शेडमध्ये कुणा वजनदार माणसानं सिमेंटची पोती भरली. त्या दोघांनी एक हंगाम गावच्या घरात, पडवीत, काम करून बघितलं. गळक्या जागेत माल टिकेना. मग दत्ताराम परत मुंबईला गेले, त्याच गोदामात. सुगंधा पुन्हा गावाला एकटी. हे मला कसं माहीत? — त्याच योजनेची काही वर्षांनी फेरपाहणी झाली आणि शेड सोडून गेलेल्यांचा तपशील गोळा करायचं काम माझ्याकडेच आलं. तोवर मी कायम झाले होते, बढतीही मिळाली होती. या खेपेला मी त्यांच्या गावी खरोखर गेले. सुगंधानं मला ओळखलं, बसायला पाट दिला, विचारलं त्याची उत्तरं दिली. जास्त एक शब्द नाही. फॉर्मात शेवटी प्रश्न होता : ‘स्थलांतराचे कारण.’ मी तिच्याच ओटीवर बसून, तिच्याच घरचा चहा पिऊन, माझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं — ‘स्वेच्छेने.’

झालं. सांगून टाकलं. बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखी वाटतेय. या बरं वाटण्यावर माझा हक्क आहे का, ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगू नका. साडीचं, एसटीचं, नोकरीचं सगळं वर आलंच आहे. त्यातलं एकही माझ्या बाजूनं धरू नका. दत्तारामांना इथंच राहायचं होतं. त्यांना मी घालवलं.