वरच्या मजल्याची फेरी

औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगांच्या कारखान्यात नवा माणूस लागला, की आठवडाभरात त्याला कुणीतरी सांगायचंच, "खांबेंच्या शिफ्टला पडलास? मग नशीब काढलंस." अरविंद खांबेच्या शिफ्टमध्ये कुणाचा पाणउतारा होत नसे. फिल्टरचं कापड धुणं हे तिथलं सगळ्यांत घाण काम. हात कोपरापर्यंत पिवळे व्हायचे आणि कितीही घासले तरी तो पिवळेपणा चार-चार दिवस भाकरीला लागायचा. त्या कामाच्या पाळ्या लावताना अरविंद फळ्यावर पहिलं नाव स्वतःचं लिहायचा. सुपरवायझरनं कापड धुवत बसावं हे वरच्या साहेबांना पटत नव्हतं. त्यांनी एक-दोनदा टोकून पाहिलं आणि मग नाद सोडला, कारण त्या शिफ्टचं काम कधी अडत नव्हतं आणि माणसं विनाकारण दांड्या मारत नव्हती.

तीस वर्षांपूर्वी अरविंद याच कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला, तेव्हाचा सुपरवायझर काचेच्या केबिनमध्ये बसून टिचकी वाजवून माणसं बोलवायचा. त्या टिचकीवर धावताना अरविंदनं मनाशी ठरवलं होतं, आपल्याला कधी चार माणसं मिळाली तर आपण त्यांच्यासाठी धावायचं. ठरवलं तसं तो वागलाही. कुणाचं पोर आजारी असलं तर त्याची पाळी हा स्वतः भरायचा. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं यायची, तेव्हा दोन दिवस रजा टाकून पाण्याच्या पिंपाशी उभा राहायचा आणि सगळ्यांत शेवटी जेवायचा.

महिपती उतेकर अरविंदबरोबर एकाच महिन्यात कामाला लागलेला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीतल्या देऊळकोंडचा. दोघांनी बिरवाडीत खोली बघितली, तेव्हा घरमालकानं अरविंदचं आडनाव विचारून तोंड वाकडं केलं. महिपती म्हणाला, द्यायची तर दोघांना द्या, नाय तर आम्ही चाललो. खोली मिळाली. तीन वर्षं दोघं एका स्टोव्हवर जेवले. महिपती नाचणीच्या भाकऱ्या थापायचा, अरविंद भांडी घासायचा. पुढे अरविंदनं नोकरी सांभाळून डिप्लोमा केला, सुपरवायझर झाला, मंजुळाशी लग्न होऊन महाडात घर केलं. महिपती ऑपरेटरच राहिला. चार माणसांत तो अरविंदला "साहेब" म्हणायचा आणि दोघंच असले की "अरविंदा".

तीन वर्षांपूर्वी महिपती अडखळायला लागला. वरच्या मजल्यावर टाक्या होत्या. दर दोन तासांनी लोखंडी जिना चढून वर जायचं, टाक्यांवरची दाब-तापमानाची घड्याळं बघायची आणि खाली येऊन वहीत आकडे लिहायचे, अशी ती फेरी. जिना उतरताना महिपतीचा पाय पायरीच्या कडेवर पडायचा. एकदा त्याचा खांदा बाजूच्या पाइपवर असा आपटला, की दोन दिवस हात वर होईना. अरविंदनं ते लांबून पाहिलं. गुडघे गेले असतील, वय झालं, असं त्यानं मनात धरलं. दुसऱ्या दिवशी फेरीची वेळ झाली तशी तो म्हणाला, "आज मी जातो वर. बसून बसून पाय आखडलेत." तिसऱ्या दिवशीही तोच गेला. पुढच्या आठवड्यापासून काही सांगावंही लागेना. वेळ झाली की अरविंद जिन्याकडे निघायचा आणि महिपती खाली पंपाजवळ उभा राहायचा. महिपती बघत असायचा, पण बोलायचा नाही. आपण बोलून दाखवत नाही याचं अरविंदला बरंच वाटायचं. जिना चढताना छातीत धाप लागायची, आणि त्या धापेतही एक समाधान असायचं.

पुढच्या फेब्रुवारीत कारखान्यात डोळे तपासणीचं शिबिर लागलं. नुसते तक्त्यावरची अक्षरं वाचून घेणारे लोक नव्हते ते. मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर यंत्रं घेऊन येणार होते आणि डोळ्यातला दाबही मोजणार होते. नोटीस लागली आणि अरविंदला शिफ्टमधला गोमाजी आठवला. आदल्याच वर्षी तपासणीत त्याच्या हृदयात दोष निघाला होता आणि महिन्याभरात त्याच्या हातात घरी जायचे कागद पडले होते. महिपतीला तपासायला बसवलं आणि कुणी डॉक्टरनं अनफिट असा शेरा मारला तर? घरी चार गुंठे भाताचं खाचर आणि मुंबईत जेमतेम टेकलेला मुलगा. शुक्रवारी सुटताना अरविंदनं महिपतीला गाठून सांगितलं, की सोमवारी रजा टाक.

"का रे?" महिपतीनं विचारलं.

"टाक म्हणतो ना. वाल काढायला आले असतील. जाऊन ये गावाला."

महिपती त्याच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून निघून गेला. सोमवारी शिबिर झालं. त्याच्या नावापुढे "रजेवर" असं लिहिलं गेलं. अरविंदला त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. आपण एका माणसाची भाकरी वाचवली, असं त्यानं मंजुळाला सांगितलंही होतं.

यंदाच्या जानेवारीत मुलीचं, मानसीचं लग्न निघालं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा अरविंदनं सलग बारा दिवस रजा घेतली. शिफ्ट साक्षीच्या हाती दिली. साक्षी महाडचीच, सव्वीस वर्षांची इंजिनिअर, येऊन चार महिने झालेली. अरविंदनं तिला सगळं समजावलं, कामांची यादी दिली. वरच्या फेरीसमोर यादीत महिपतीचंच नाव होतं, कारण कागदावर ते काम त्याचंच होतं. ती फेरी खरं कोण करतं हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगायची लाज वाटली.

पहिल्याच दिवशी साक्षीनं महिपतीला वर जायला सांगितलं. तो जिन्याशी गेला. कठडा घट्ट धरून, पायानं पायरी चाचपत उभा राहिला. तिनं ते पाहिलं. ती स्वतः वर गेली नाही. त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "काका, पाय उचलत नाही की पायरी दिसत नाही?"

महिपतीनं आधी मान वळवून आसपास कुणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "बाजूचं दिसत नाय गो पोरी. समोरचं दिसतंय. पण नळीतनं बघावं तसं."

दुसऱ्या दिवशी ती त्याला महाडातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पनवेलला पाठवलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा अर्ध्यावर आलेला.

अरविंद रजेवरून आला, त्या सकाळी साक्षीनं केबिनचं दार लावून त्याला हे सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की हे दोन-चार वर्षांचं दुखणं आहे. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत काही नाही, आणि नजर कडेकडेनं विझत जाते. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंब घालून टिकवायचं. दोन वर्षांपूर्वी दाब मोजला असता तर पुष्कळ वाचलं असतं.

"सर, वरची फेरी तुम्हीच करायचात, असं सगळे म्हणतात. तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, गुडघे..." अरविंद थांबला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो उभाच राहिला होता. "नाही. मी त्याला विचारलंच नाही."

 शिबिराचं साक्षीला ठाऊक नव्हतं. ते अरविंदनं आपणहून सांगितलं. त्याचं सांगून झाल्यावर तिनंच विषय बदलला.

घरी मंजुळाला सांगितलं. लग्नघराचा पसारा अजून आवरायचा होता. ती भांडी पुसत ऐकत होती. नवऱ्याला धीर देईल असं काहीतरी ती बोलेल, अशी अरविंदची अपेक्षा असावी. पण ती म्हणाली, "पुराच्या वर्षी तुम्ही बिरवाडीत माणसांच्या खोल्यांतला गाळ काढत होतात. तिसऱ्या दिवशी घरी आलात ते फावडं घेऊनच. लागलात उपसायला. आईचे फोटो, मानसीची वह्या-पुस्तकं, सगळं चिखलात गेलं होतं. मला नुसतं कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. तुम्ही गाळ काढलात. चांगला काढलात." एवढं बोलून तिनं पातेली फळीवर लावली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. चार वर्षं जपून ठेवलेली गोष्ट तिनं जागच्या जागी ठेवून दिली, इतकंच.

रविवारी अरविंद देऊळकोंडला गेला. पोलादपूरहून एसटी, मग फाट्यावरून चढण. महिपती पडवीत बसला होता. पावलांच्या आवाजाकडे त्यानं तोंड वळवलं आणि समोर येईपर्यंत ओळखलं नाही. त्याची बायको मैना पाणी घेऊन आली. लग्न कसं झालं, पंगती किती उठल्या, जावई कुठला, असं दोघांनी विचारून घेतलं. अरविंदनं सगळं सांगितलं. मग त्याच्याच्यानं राहवेना. तो म्हणाला, की माझ्यामुळे झालं हे, त्या सोमवारी मी तुला गावाला पाठवलं नसतं तर...

महिपतीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"तू वरची फेरी घेतलीस ना, तवा मला वाटलं, अरविंदाला आता आपला भरवसा नाय राहिला. मी खाली उभा राहायचो. लाज वाटायची रे. पोरं बघायची. मग शिबिराच्या दिवशी रजा टाक बोल्लास, तवा खात्रीच झाली. म्हटलं, याला कळलंय डोळे गेलेत ते, नि हा झाकतोय. तू झाकतोस तर मी पण झाकलं. डाक्टरकडं गेलो असतो तर तुझं बिंग फुटलं असतं, असं वाटलं."

"मला ठाऊक नव्हतं, महिपती. शपथ घेऊन सांगतो. गुडघे दुखतात असं समजून..."

"मग इचारायचंस," महिपती म्हणाला. "एका ताटात जेवलो आपण. तू इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

 समोरच्या खाचरात कोंबड्या टोचत होत्या, त्यांच्याकडे अरविंद बघत बसला. थोड्या वेळानं तो म्हणाला, की पनवेलच्या पुढच्या तारखांना मी नेतो, गाडीची सोय करतो, थेंब मी आणून देत जातो. मैना दारातून म्हणाली, "ओम येतो मुंबईसनं, तो नेईल बापाला. सगळं ठरलंय आमचं. तुमी बसा भावजी, च्या घ्या." तो बसला. कप रिकामा झाला तसा धुवायला उठू लागला, तर तिनं तो हातातून काढून घेतला. त्या घरात त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी त्यानं मॅनेजरकडे लेखी दिलं, की शिबिराच्या दिवशी उतेकरांना रजा घ्यायला मी सांगितलं. मॅनेजर म्हणाले, खांबे, आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? अरविंद म्हणाला, हे फाइलला लागू दे. आणि दोन गोष्टी मागितल्या. डोळ्यांची तपासणी दरवर्षी व्हावी, आणि दोष निघालेल्या माणसाला घरी न पाठवता झेपेल ते काम द्यावं. पहिली मान्य झाली. दुसरीवर "विचार करू" असं उत्तर मिळालं, आणि तो विचार अजून चालू आहे. महिपतीला स्टोअरच्या खिडकीवर बसायचं काम देऊ केलं होतं. दीड महिना तो बसला. मग बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येईनात, तेव्हा स्वतःच राजीनामा देऊन गावी गेला.

अरविंदच्या नोकरीची आता अडीच वर्षं राहिलीत. हल्ली तो शिफ्टच्या सुरुवातीला एकेकाजवळ जाऊन उभा राहतो. कसं चाललंय, काही अडचण आहे का, असं विचारतो. माणसं हसून म्हणतात, "काय नाय साहेब, तुम्ही आहात ना." वीस वर्षं त्यानं कुणावर मागायची वेळच येऊ दिली नव्हती. आता विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. साक्षीजवळ मात्र ती बोलतात. कुणाच्या कानात आवाज येतात, कुणाला रात्रपाळी सोसत नाही, हे तिला आधी कळतं. ती येऊन सांगते, तेव्हा अरविंदला बरं वाटतं, आणि आत कुठेतरी टोचतंही.

फिल्टरच्या पाळीत पहिलं नाव अजून त्याचंच असतं. एकदा प्रितम नावाचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, राहू द्या की आता. आमी करतो." एरवी अरविंदनं ते हसण्यावारी नेलं असतं. त्या दिवशी त्यानं खडू प्रितमच्या हातात दिला आणि म्हटलं, पाळ्या तुम्ही सगळे मिळून लावा. त्यांनी लावल्या. अरविंदचं नाव चौथं होतं.

गेल्या महिन्यात तो देऊळकोंडला जाऊन आला. महिपतीला वहाळाच्या पाण्यापर्यंत जायचं होतं. पायवाट ओबडधोबड. अरविंदचा हात त्याच्या दंडाकडे गेला, पण अर्ध्यातच थांबला.

"हात धरू का?"

"नको," महिपती म्हणाला. "म्होरं हो तू. म्होरं असलास की दिसतोस."

अरविंद पुढे झाला. किती पुढे राहायचं ते त्याला कळेना. दर दहा पावलांवर तो थांबून मागे बघत होता. महिपती काठी टेकत, मान ताठ ठेवून, सरळ त्याच्या पाठीवर नजर लावून येत होता. बाजूला करवंदीच्या जाळीवर पांढरा फुलोरा आला होता. तो महिपतीला दिसत नव्हता.